शस्त्रहतांची तिथी

कोकणातल्या जुन्या माणसाला भरती-ओहोटीसाठी घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती भरतीची वेळ. चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा. तास-अर्धा तास इकडेतिकडे. मग पुढच्या सहा तासांत पाणी उतरत जातं आणि साडेचार-पाचच्या सुमारास समुद्र एवढा मागे सरतो, की अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात पायी जाता येतं. बँकेच्या नोकरीनं मला अलिबागेत आणलं, तेव्हा बाजारातल्या एका कोळणीनं हा हिशेब शिकवला होता. वाटा लावता लावता म्हणाली, "पाण्याला चांद-सूर्य ओढतात बाय, आपण कोण?"

२०२३ साली अधिक श्रावण आला होता, त्यामुळे पितृपक्ष ऑक्टोबरपर्यंत लांबला. पाऊस सरला होता, किल्ल्यात जाणाऱ्या घोडागाड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. भाद्रपद वद्य चतुर्दशीच्या सकाळी मामाचा फोन आला. "आज चतुर्दशी गो. पान ठेवतोय." दर वर्षी तो एवढंच सांगतो. कुणाचं पान, हे त्यानं सांगावं लागत नाही. त्या वर्षी मात्र फोन ठेवायच्या आधी घुटमळला. "तुमच्या त्या मोबाइलात सगळं सापडतं म्हणतात. त्यांचं नाव सापडतं का बघ. डोळे मिटायच्या आधी एकदा नाव घेऊन पान ठेवीन म्हणतो."

पंचांगात या दिवसापुढे 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं छापलेलं असतं. ज्याला शस्त्रानं मरण आलं, त्याची मृत्युतिथी कुठलीही असो, पितृपक्षातलं त्याचं श्राद्ध या चतुर्दशीला करायचं. लढाईत पडलेल्यांसाठी सरकारांनी दिवस नेमायला सुरुवात केली त्याच्या कितीतरी आधीपासून पंचांगानं हा एक दिवस राखून ठेवला आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तो बारीक अक्षरात असतो. त्याला सुट्टी नसते, सलामी नसते. कावळ्यासाठी एक पान असतं.

आमच्या आजोळी ते पान 'बसऱ्याच्या आजोबां'चं.

आजोळ महाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीत. देव्हाऱ्यात अन्नपूर्णा, बाळकृष्ण, कुलस्वामीचे टाक, आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेली कांस्याची एक गोल चकती. पसरलेल्या पंजाएवढी, उचलली तर हाताला चांगली जड. तिच्यावर एक बाई उभी आहे. एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात पानांचा हार, आणि पुढ्यात सिंह. आजीच्या लेखी ती भवानी होती. सिंह आहे, त्रिशूळ आहे, मग आणखी काय हवं? मे महिन्यात आम्ही मुली गेलो की देव घासायचं काम आमच्याकडे यायचं. चिंचेचा गोळा आणि चुलीतली राख घेऊन ओटीवर बसायचं. आजी आतून ओरडायची, "चिंच चांगली लाव गो, देवी काळी पडलीय."

ती देवी ब्रिटानिया आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी ब्रिटिश सरकारनं अशा चकत्या पाठवल्या. साडेतेरा लाखांच्या आसपास ओतल्या गेल्या. नमुना एडवर्ड कार्टर प्रेस्टन या शिल्पकाराचा. कडेनं इंग्रजी अक्षरं फिरतात: हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. १९१६ सालच्या महाड तालुक्यातल्या पोरानं कुणाच्या स्वातंत्र्यासाठी मरायचं, हा प्रश्न त्या चकतीला पडलेला दिसत नाही. सिंहाच्या वरच्या चौकटीत त्या माणसाचं नाव उठावात काढलेलं असतं. हुद्दा घालायचा नाही असं मुद्दाम ठरवलं होतं, म्हणजे मरणात तरी जनरल आणि शिपाई एका रांगेत.

आमच्या चकतीवरचं नाव वाचता येत नाही. शंभर वर्षं तिला चिंच आणि राख लागली. आधी आजीच्या सासूनं घासली, मग आजीनं, मग मामीनं, आणि मधल्या काही उन्हाळ्यांत मी. सरकारनं उठावात ओतून पाठवलेलं नाव आम्ही घरच्या बायकांनी भक्तिभावानं सपाट केलं. डोळे मिटून बोट फिरवलं तर शेवटची दोन-तीन अक्षरं लागतात. ती आडनावाची आहेत, आणि आडनाव आम्हाला माहीत आहेच.

तोंडी तरी नाव राहायला हवं होतं. पण ते सांगणार कोण? आजी त्या घरची सून. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, अशा काळात ती लग्न करून आली. तिच्या सासूनंही दिराचं नाव कधी उच्चारलं नसणार. पुरुषमाणसं 'आमचा बसऱ्याचा' म्हणायची. विशीत गेलेला तो मुलगा दोन पिढ्यांनंतर आपोआप आजोबा झाला, आणि आज पंचाऐंशीचा मामाही त्याला आजोबाच म्हणतो. आजी 'मेले' म्हणायची नाही. 'शहीद', 'वीरमरण' हे शब्द तिच्या घरात आलेलेच नव्हते. ती म्हणायची, "ते बसऱ्यास राहिले." शेवटची गाडी चुकली म्हणून पाहुणा मुक्कामाला राहावा, तसं.

चतुर्दशीच्या पानावर वडे, खीर, लाल भोपळ्याची भाजी, गवार, आणि कडेला एक विडी. "फौजेतला माणूस. ओढत असणारच," हा आजीचा तर्क. त्याला ओढताना पाहिलेलं कुणी नव्हतं. त्याला पाहिलेलंच कुणी उरलं नव्हतं. पण विडी चुकली नाही. मामा अजून ठेवतो.

त्या दुपारी ओहोटीला वेळ होता, म्हणून मी आधी कान्होजींच्या समाधीकडे गेले.

अलिबागेला येणारा पाहुणा थेट समुद्रावर जातो. भर वस्तीत मराठी आरमाराच्या सरखेलाची समाधी आहे, हे त्याच्या गावीही नसतं. आवारात कान्होजी आंग्र्यांच्या समाधीबरोबर घराण्यातल्या इतरांच्याही दगडी समाध्या आहेत. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज आत येईपर्यंत अर्धा होतो. समाधीच्या पायरीवर कुणीतरी झेंडूचं एक फूल ठेवलेलं होतं, देठाशी अजून ओलं. आणि सावलीला एक मुलगा पुस्तक वाचत बसला होता. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'भरती' एवढंच मला लांबून दिसलं.

"भरती कधी आहे?" मी विचारलं.

तो क्षणभर गोंधळला. समुद्राची की पोलिसांची, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. मग हसला. "मैदानी अजून जाहीर नाही, काकी. आर्मीचंही बघतोय. अग्निवीर."

मराठीत समुद्र चढतो तीही भरती आणि पोरं फौजेत जातात तीही भरती. कोकणात दोन्हींचा अनुभव जुना. डोंगरउतारावरची भातखाचरं वर्षाचं एक पीक देतात. ते चार-सहा महिने पुरतं. उरलेलं वर्ष मुंबईच्या गिरणीनं, बोटीवरच्या नोकरीनं किंवा पलटणीनं काढायचं. बोटीवरून नाहीतर पलटणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर कोकणातली किती घरं उभी राहिली! मामाच्या घराला पहिल्यांदा कौलं चढली तीही बसऱ्याच्या पेन्शनीतून, असं आजी सांगायची. त्या मुलाला मी हे काही बोलले नाही. "चांगली तयारी कर," म्हटलं आणि पुढे झाले.

कान्होजी लढाईत पडले नाहीत. आयुष्यभर इंग्रज, पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांना झुंजवून ४ जुलै १७२९ला ते गेले. त्यांचं नाव मागे उरलं. मुंबईतला नौदलाचा तळ आज आयएनएस आंग्रे या नावानं ओळखला जातो. समाधीसमोर उभी राहिले की मला मात्र १७२१चा डिसेंबर आठवतो. इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले होते. सहा हजारांची फौज, शिवाय कॉमोडोर मॅथ्यूजची लढाऊ जहाजं. बाजीराव पेशवे मदतीला आले, पोर्तुगीजांनी तह केला, इंग्रजांना हात हलवत परतावं लागलं. पुस्तकात ही हकीकत चार ओळींत संपते. त्या चार ओळींत तटावर उभे असलेले भंडारी, कोळी, मराठे, मुसलमान गोलंदाज कुठे पडले आणि कुणी त्यांना उचललं, याला जागा नाही. या आवारात त्यांच्यासाठी दगड नाही.

याचं खापर परक्यांवर फोडता येत नाही. आपल्या बखरींची आणि जुन्या पत्रांची रीतही हीच. मानाचा माणूस पडला तर त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, त्याला मिळालेल्या गावाचं नाव. बाकीचे 'इतके माणूस कामास आले, इतके जखमी' या जमाखर्चात. 'कामास आले' हा शब्दप्रयोग वाचताना मी नेहमी अडखळते. माणूस मरून कामास येतो. कुणाच्या, ते त्या वाक्यात नसतं.

त्याही आधीची रीत वीरगळाची. गावाच्या वेशीवर, देवळाच्या मागे उभे असलेले ते दगड आपण शेंदूर फासलेले पाहतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. बोरिवलीजवळ एक्सरचे वीरगळ तर दर्यावरच्या लढाईचे आहेत. वल्ह्यांची रांग असलेली जहाजं दगडात कोरली आहेत. तेराव्या शतकातल्या शिलाहार-यादव संघर्षाशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. सूर्य-चंद्र आमच्या शेजारीही आहेत. अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की लगेच आक्षी लागतं. तिथला शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा मानला जाणारा मराठी शिलालेख दानाचा आहे, पण माथ्यावर तेच दोघं साक्षीला बसवलेले. अर्थ एकच: हे दोघं आहेत तोवर हे राहो. कोरणाऱ्यानं साक्षीदार तेवढे पक्के निवडले. वीरगळावर बहुधा नाव नसतं. गावाला ते माहीत आहे, असं त्यानं धरून चाललं असावं. गावाला सुरुवातीला ते माहीत असतंही. मग हळूहळू दगडाला शेंदूर लागतो, दगडाचा देव होतो, आणि नवस बोलणाऱ्याला त्या देवाच्या आडनावाशी काही घेणं उरत नाही. आमच्या चकतीचंही हेच झालं होतं.

इंग्रजांनी आकडा कोरला. पहिलं महायुद्ध संपल्यावर हिंदुस्थानातल्या गावोगावी त्यांनी एकाच साच्याच्या पाट्या लावल्या: या गावातून अमुक माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्यात १११ आणि ६. गावाच्या नावामागे 'फौजी' लागलं ते उगाच नाही. घरटी सैनिक देणारं ते गाव. आजोळी जाता-येता मी एकदा वाट वाकडी करून तिथं गेले होते. सहा हा आकडा उभा राहून वाचायला किती कमी वेळ लागतो!

आणि बसरा, म्हणजे आजच्या इराकातली ती मोहीम. १९१५च्या शेवटी कुत-अल-अमारात जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली, तिचं नावच पूना डिव्हिजन होतं. १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११७वी मराठा, अशा पलटणी तिच्यात होत्या. कोकणातली आणि देशावरची पोरं. १४७ दिवस वेढा चालला. धान्य संपलं, घोडे आणि खेचरं कापली गेली. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं कैदेत गेली. कितीतरी जण वाळवंटातल्या पायपिटीत आणि छावण्यांत मेले. आमचे आजोबा त्यांत होते की आधीच एखाद्या चकमकीत पडले, ते घरी आलेल्या कागदावरून कुणाला कळलं नाही. कागद इंग्रजीत होता आणि पुढे त्याला वाळवी लागली.

ज्यांची कबर सापडली नाही किंवा ज्यांना अग्नी मिळाला की नाही ते ठाऊक नाही, अशा चाळीस हजारांवर लोकांसाठी १९२९ साली बसऱ्याला मोठं स्मारक उभं राहिलं. भिंतींवर नावं कोरली. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, गोऱ्या अधिकाऱ्याचं कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचंही कोरलं. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि खाली 'आणि इतर अमुक हिंदी सैनिक' असा आकडा. बखरीतला जमाखर्च पुन्हा, फक्त इंग्रजीत. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशननं २०२१ साली स्वतःच चौकशी करून कबूल केलं, की पहिल्या महायुद्धातल्या निदान १,१६,००० माणसांची नावानिशी किंवा मुळीच नोंद झाली नाही. त्यांत बहुतेक आफ्रिकी, आशियाई आणि मध्यपूर्वेतले. कमिशननं माफी मागितली. बसऱ्याचं ते स्मारक तर आता मूळ जागीही नाही. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते शहराबाहेर बत्तीस किलोमीटरवर, आखाती युद्धाच्या रणभूमीत नेऊन पुन्हा बांधलं.

सव्वाचारला मी किनाऱ्यावर आले. समुद्र लांब गेला होता. ओल्या वाळूवर पाण्याची नक्षी राहिली होती आणि किल्ल्यापर्यंतची वाट उघडी पडली होती, मध्ये मध्ये पोटरीएवढी डबकी. घोडागाडीवाल्यानं आधीच बजावलं, "काकी, अर्ध्या-पाऊण तासात फिरायचं हां. पाणी सांगून येत नाही." खरं तर पाणीच सांगून येतं. पण त्याच्या घोड्याला पंचांग कळत नसावं.

कुलाब्याच्या तटाचे दगड मोठे आहेत, आणि ते चुना न भरता एकमेकांवर नुसते रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं, जोर मोडतो आणि परत जातं. शिवरायांनी शेवटच्या दिवसांत बांधायला घेतलेला हा किल्ला साडेतीन शतकं त्या फटींच्या जोरावर उभा आहे. आत गोड्या पाण्याचं टाकं, राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ, हाजी कमालुद्दीन शाहांचा दर्गा. उत्तरेच्या तटाजवळ गाड्यावर चढवलेल्या दोन तोफा आहेत, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या. त्यांच्यावर बसून फोटो काढायला रांग असते. तोफेवर ओतणाऱ्या कारखान्याचं नाव आजही स्वच्छ वाचता येतं. तिला कुणी चिंच लावली नाही.

मी तटावर चढून पश्चिमेला तोंड करून बसले. उजवीकडे लांब खांदेरी-उंदेरीच्या रेषा. १६७९ साली त्या खांदेरीवर तट बांधला जात असताना इंग्रजांशी महिनोन्महिने झटापटी चालल्या होत्या. तिथं बुडालेल्यांना तर दगड लावायलाही जमीन नव्हती. समुद्रातल्या मेलेल्यांचं असंच असतं. मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात दोन्ही महायुद्धांत समुद्राखेरीज दुसरी कबर न मिळालेल्या हिंदी खलाशांचं स्मारक आहे: पहिल्यातले दोन हजारांहून अधिक, दुसऱ्यातले सहा हजारांच्या आसपास. रत्नागिरीच्या खाड्यांवरून बोटीवर गेलेली किती माणसं त्यांत असतील! मुंबईतल्या त्या गजबजलेल्या रस्त्यावरून रोज हजारो लोक जातात. मीही कितीदा गेले होते, काही न कळता.

मग मला यशवंत घाडगे आठवले. अलिबागहून महाडला जाताना माणगाव लागतं. तिथं तहसील कचेरीपाशी त्यांचा पुतळा आहे. पळसगावच्या आमगाचीवाडीचा हा मुलगा, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. १० जुलै १९४४ला इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात, त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. सोबतचे सगळे पडले किंवा जखमी झाले. तो एकटा धावत सुटला, हातबाँब टाकून मशीनगन बंद केली, एकाला गोळी घातली, आणि बंदूक पुन्हा भरायला उसंत नाही म्हटल्यावर तिच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांशी लढला. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो घ्यायला त्याची बायको गेली. त्याचाही देह सापडला नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. पराक्रम एवढा लखलखीत होता म्हणून त्याचं नाव राहिलं. त्याच दिवशी त्याच्या शेजारी पडलेल्यांना पुतळा नाही, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत.

जुलै २०२३मध्ये इटलीतल्या पेरुजा प्रांतातल्या मोन्तोने या डोंगरी गावानं घाडग्यांचं एक स्मारक केलं. ते छायायंत्र आहे. उभ्या काट्याची सावली दगडावरून फिरते आणि वेळ सांगते. त्यावर ब्रीद कोरलं आहे, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो या अर्थाचं. बातमी वाचली तेव्हा मला आक्षीचा दगड आठवला होता. आपल्या पाथरवटानं जो साक्षीदार दगडाच्या माथ्यावर कोरला, त्या गावानं तोच खरोखरचा बोलावला.

तटावर बसल्या बसल्या मी हिशेब केला. मोन्तोने आपल्या पश्चिमेला साठ-एक अंशांवर. म्हणजे इथं सूर्य माथ्यावर येऊन चार तास झाले, की तिथं येतो. घड्याळात साडेचार होत आले होते. तिथं आत्ता नेमकी मध्यान्ह असणार, काट्याची सावली दिवसातली सगळ्यात आखूड. मध्यान्ह म्हणजे श्राद्धाचं पान ठेवायची वेळ.

मोबाइल काढला. कमिशनची यादी आता कुणालाही बघता येते. भिंतीवर न कोरलेली नावं तिच्यात हळूहळू येत आहेत. आडनाव घातलं, एकदा सरळ आणि एकदा इंग्रज कारकून जसं लिहील तसं. पलटण घातली. मग एकाखाली एक चार नावं आली. चारही आमच्या आडनावाची. चौघांपुढे तेच बसरा स्मारक. दोघांच्या पुढे बापाचं नाव होतं, पण बसऱ्याच्या आजोबांच्या बापाचं नाव आमच्यापैकी कुणाला ठाऊक होतं? दोघांच्या पुढे नुसतं 'कुलाबा, मुंबई इलाखा'. कुलाबा म्हणजे जिल्हा, आजचा रायगड. मी बसले होते त्या किल्ल्याचं नाव त्या जिल्ह्याला होतं. ज्या दगडावर माझा हात होता, त्याचं नाव त्या पोराच्या पत्त्यात होतं.

चारातला आमचा कोण? कितीतरी वेळ मी ती चार नावं खालीवर केली. एकाच्या नावावर बोट ठेवून 'हाच असेल' म्हणायचा मोह झाला. नाव फार गोड होतं, आजीच्या काळचं. पण मग उरलेल्या तिघांचं काय? त्यांच्या घरी कुणी चिंचेनं चकती घासली असेल, की भंगारात घातली असेल?

खालून घोडागाडीवाल्यानं हाक मारली. पाणी अजून वळलेलं नव्हतं, पण वळणार होतं. उद्या अमावास्या. अमा म्हणजे एकत्र, वास्य म्हणजे राहणं: सूर्य आणि चंद्र एका घरी राहायला येतात तो दिवस. दोघं एका बाजूला होऊन ओढतात, म्हणून तर उधाण येतं.

मी मामाला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं. चार नावं आहेत म्हटलं, आपलं कुठलं ते काही कळत नाही. तो बराच वेळ गप्प राहिला. मागे मामी कुणाला तरी हाका मारत होती.

"वाच," तो म्हणाला.

मी वाचली. वाऱ्यात ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं. तोफेवर बसलेली दोन मुलं वळून बघायला लागली. प्रत्येक नावानंतर मामा "हं" म्हणत होता. चौथं झाल्यावर म्हणाला, "पुन्हा वाच. लिहून घेतो." पेन शोधण्याचा आवाज, मग प्रत्येक अक्षरावर थांबत त्यानं ती लिहून घेतली.

"आता कोणाच्या नावानं ठेवणार, मामा?"

"उद्या सर्वपित्री आहेच की. चौघांचीही पानं ठेवू." मग मामीला ओरडून सांगितलं, "वडे जास्त घाल गो उद्या, वीस-वीस वर्षांची पोरं आहेत!" आणि पुन्हा फोनवर, जरा हळू आवाजात, "एका विडीनं भागायचं नाही आता. संध्याकाळी नाक्यावरून बंडलच आणतो."